करडईचे काटे पहाटे मऊ असतात

पडद्यावर करडई दिसली आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

जपानी सिनेमा, जपानी शेत, डोक्याला फडकी बांधलेल्या जपानी बायका, आणि तोडत काय होत्या, तर आमच्या बांधावरची करडई. तीच काटेरी बोंडं, तीच पिवळी-केशरी फुलं. सिनेमाचं इंग्रजी नाव 'ओन्ली यस्टर्डे'. मूळ जपानी नाव 'ओमोइदे पोरो पोरो', म्हणजे साधारण 'टपटप गळणाऱ्या आठवणी'. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, साल १९९१. ताएको नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी टोकियोच्या ऑफिसातून सुट्टी काढते आणि बहिणीच्या सासरच्या माणसांकडे यामागाताला शेतावर राबायला जाते. रात्रभर रेल्वेत बसून पहाटे उतरते. न्यायला आलेला तोशिओ तिला घरी नेतच नाही, गाडी थेट शेताकडे. (गाडीत हंगेरीतली लोकगीतं वाजत असतात. का, तर तो म्हणतो, शेतकऱ्यांचं संगीत आहे. असा शेतकरी माझ्या माहेरच्या गावात असता तर त्याचं लग्न जमणं कठीण होतं.)

आणि थेट शेताकडे का? तर करडईची फुलं पहाटेच तोडायची असतात. दवानं काटे मऊ पडलेले असतात तोवर.

हे वाक्य मी अण्णांच्या तोंडून ऐकलेलं आहे. माझं माहेर तासगावच्या बाजूला. आता तिथं सगळीकडे द्राक्षं, पण माझ्या लहानपणी आमचं रान कोरडवाहू होतं. रब्बीला शाळू, आणि शाळवाच्या कडेनं करडईच्या चार ओळी. जनावर काट्याला भिऊन आत शिरत नाही, शिवाय घरचं तेल निघतं. कोवळी असताना भाजी. काढणी मात्र नको वाटायची. अण्णा चार वाजता उठवायचे. "ऊन चढलं की हात लावू देत न्हाई ती." बायका हाताला जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळायच्या.

जपानी लोक तीच करडई फुलांसाठी लावतात. पिवळी फुलं धुवायची, तुडवायची, आंबवायची, कुटून वड्या थापायच्या, आणि त्या पिवळ्यातून ओठाला लावायचा लाल रंग काढायचा. ताएको सांगते, पूर्वी फुलं तोडणाऱ्या पोरींचे हात काट्यांनी रक्ताळायचे, आणि ती लाली त्यांना स्वतःला जन्मात लावायला मिळायची नाही. शहरातल्या बायकांसाठी होती ती. मी मेथी बाजूला ठेवली आणि तो सिनेमा पहिल्यापासून लावला.

मी पाचवी ते सातवीला गणित शिकवते. मी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघते म्हटल्यावर आधी माझी मुलंच, म्हणजे वर्गातली, हसतात. त्यांचं ॲनिमे वेगळं, तलवारींचं आणि राक्षसांचं. माझा भाचा 'डेमन स्लेयर'चा नवा सिनेमा लागला तेव्हा पहाटेच्या शोला गेला होता. शाळेसाठी तो कधी सातच्या आत उठलेला नाही. आमच्या पिढीनंही जपानी कार्टून भरपूर बघितलं, फक्त ते जपानी आहे हे माहीत नव्हतं. दूरदर्शनवरचा मोगली, 'जंगल जंगल बात चली है'वाला, तो जपानमध्ये तयार झालेला होता. गुलजारांचं गाणं ऐकून आम्ही सगळं आपलंच समजलो. मला हे चाळिशीला टेकल्यावर कळलं.

माझी सुरुवात झाली २०२० च्या मे महिन्यात. शाळा बंद, मी दिवसभर मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून अपूर्णांक शिकवत होते, आणि माझी लेक ईरा, तेव्हा सात वर्षांची, घरात भिंतींवर चढायची बाकी होती. नेटफ्लिक्सवर नुकतेच स्टुडिओ जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचे बरेचसे सिनेमे आले होते. एका चित्रात पावसात बसस्टॉपवर उभी मुलगी आणि शेजारी छत्री घेतलेलं एक थोरलं केसाळ जनावर. "हे लाव," ईरा म्हणाली. 'माय नेबर टोटोरो'. मी शेजारी वह्या तपासत बसणार होते.

गोड सिनेमा, असं सगळे म्हणतात. टोटोरोच्या बाहुल्या, किल्ल्यांना टोटोरो, मगवर टोटोरो. गोड आहेच. पण गोष्ट काय आहे? आई दवाखान्यात आहे. बाप दोन मुलींना घेऊन दवाखान्याजवळच्या खेड्यात राहायला आलाय. आईला काय झालंय हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. थोरली सात्सुकी शाळेत जायच्या आधी सगळ्यांचे डबे भरते, धाकटी मेई तिच्या पायात पायात. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची स्वतःची आई मणक्याच्या क्षयानं कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. हे मी नंतर वाचलं. सिनेमा बघताना मला त्याची गरज पडली नाही. सात्सुकी आईला भेटायला जाते, आई तिचे केस विंचरते, मेई मध्येच "माझे पण" म्हणून भुणभुण करते, तिथंच मी पेनाला टोपण लावलं.

१९९० च्या जानेवारीत माझी आई मिरजेच्या दवाखान्यात होती. मी नऊ वर्षांची, भाऊ पाच. आईला ताप येतो, एवढंच आम्हाला सांगितलेलं. घरात 'क्षय' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण तिचा पेला वेगळा झाला होता, ताट वेगळं झालं होतं, आणि आज्जी ते ताट राखेनं घासून पुन्हा उकळत्या पाण्यातनं काढायची. मुलांना काही कळत नाही असा मोठ्यांचा समज असतो. मला पेला कळत होता. विचारलं की एकच उत्तर, "तू ल्हान हाईस." त्याच जानेवारीत मी पहिली भाकरी थापली. थोरली होते की मी. भाकरी करण्याइतकी मोठी आणि विचारण्याइतकी लहान.

टोटोरोतल्या ज्या गोष्टीनं मला धरून ठेवलं ती ही. मेई झुडपातल्या बोगद्यातून जाऊन टोटोरोला भेटून येते. बापाला आणि बहिणीला दाखवायला नेते, तर वाट सापडत नाही, बोगद्यातून सगळे फिरून परत अंगणातच. दोघं हसतात. मेईचा चेहरा बघा तिथं, एकदम आवळतो. "खोटं नाही बोलत मी." आणि बाप हसू थांबवतो. म्हणतो, मला माहीत आहे तू खोटं बोलत नाहीस. तू या रानाच्या राजाला भेटलीस, तुझं नशीब मोठं, पण तो दर वेळी भेटेलच असं नाही. मग तिघं त्या प्रचंड कापराच्या झाडापाशी जातात आणि रांगेत उभं राहून वाकून नमस्कार करतात. आमची मेई इथं नवीन आहे, सांभाळून घ्या, अशा अर्थाचं काहीतरी बाप म्हणतो. आमच्याकडे नव्या नवरीला बिरोबाच्या बनात नेतात तसंच.

बापाला टोटोरो दिसलेला नाही. पुढेही दिसत नाही. तरी तो मुलीचं खरं धरतो. शेजारची म्हातारी तर सरळ सांगते, घरातले ते काळे काजळीचे गोळे मलाही लहानपणी दिसायचे. "तुला भास झाला" असं त्या अख्ख्या सिनेमात कुणी म्हणत नाही.

आणि तरी आईच्या बाबतीत तेच मोठे लोक आमच्या मोठ्यांसारखेच वागतात. दवाखान्यातून तार येते. सात्सुकी धावत शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बापाला फोन लावते. (आमच्या गावात फोन दूध डेअरीत होता. घंटा वाजली की माझ्या पोटात गोळा.) किरकोळ सर्दी आहे, आई या शनिवारी येत नाही, एवढंच. तेव्हा इतका वेळ शहाण्यासारखी वागणारी सात्सुकी म्हातारीसमोर फुटते. मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं, थोडेच दिवस म्हणून. आई मेली तर? आणि ती तोंड उघडून, ओठ वाकडे करून, लहान पोरीसारखी रडते. मेई हे लांबून बघते. आईसाठी जपून ठेवलेलं मक्याचं कणीस छातीशी धरून ती एकटीच दवाखान्याच्या वाटेला लागते, आणि हरवते.

ईरानं मला विचारलं, "आई, तू का रडतीयेस? सापडेल ती." तिला खात्री होती. ती मांजरबसची, म्हणजे सिनेमातल्या मांजराच्या रूपातल्या बसची, वाट बघत होती.

तेव्हापासून मी हे सिनेमे वह्या न घेता बघते. आणि बघताना एकच गोष्ट शोधते असं माझ्या लक्षात आलंय: यातला मोठा माणूस समोरच्या पोराचं खरं धरतो का? दर सिनेमात कुठं ना कुठं ही गाठ येतेच.

म्हणून पुन्हा 'ओन्ली यस्टर्डे'. शेतावर चाललेल्या ताएकोला आपण पाचवीत असतानाच्या, १९६६ सालच्या आठवणी येत राहतात. मोठं काहीच घडत नाही त्यांत. वडील घरी अननस आणतात. आख्खा अननस घरात पहिल्यांदाच, कापायचा कसा हे कुणालाच ठाऊक नाही. तो तसाच राहतो. काही दिवसांनी थोरली बहीण बाहेरून शिकून येते. सगळे भोवती बसतात, आई कापते, चकत्या वाटल्या जातात, पहिला घास, आणि सगळे गप्प. कडक. आंबट. डब्यातल्यासारखा गोड नाहीच. बहिणी आपापली चकती ताएकोकडे सरकवतात. केळंच बरं, असं ठरतं. ताएको मात्र चावत राहते, एकेक घास, चेहरा ताठ. सोडून कसं देणार? इतक्या दिवसांची वाट बघणं त्यात आहे.

त्या वेळी आमच्याकडे सफरचंद हे आजारी माणसाचं फळ होतं. घरात सफरचंद आलं की कुणीतरी दवाखान्यात आहे. अण्णांनी एकदा आईसाठी नेलेल्यांतलं एक परत आणलं, तिला गेलं नाही म्हणून. भावाला आणि मला अर्धं अर्धं. पिठूळ होतं, वाळू चावल्यासारखं. आम्ही दोघांनी ते बियांपर्यंत खाल्लं. का ते आम्हाला सांगता आलं नसतं, ताएकोला विचारा.

दुसरं सफरचंद सिनेमातलं, ते माझ्या धंद्याला झोंबलं. ताएकोला गणितात वाईट मार्क पडतात. अपूर्णांकाचा भागाकार. दोन तृतीयांश भागिले एक चतुर्थांश. बहीण म्हणते, सोपं आहे, दुसरा उलटा कर आणि गुण. पण ताएको सफरचंदाचं चित्र काढते. त्याचा दोन तृतीयांश भाग घेतला, चौघांत वाटला, तर एकेकाला एक षष्ठांश. भागाकार केल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? मग उत्तर मोठं कसं येतं? बहीण वैतागते. उलटं कर म्हटलं ना! आणि भिंतीपलीकडून तिला आपल्याबद्दलचं बोलणं ऐकू येतं की पोरीत काहीतरी कमी आहे.

मी अठरा वर्षं शिकवतेय. "चिन्ह बदला, दुसरा उलटा करा, गुणा." हे मी किती वर्गांना, कोणत्या सुरात सांगितलंय ते मला माहीत आहे. ताएकोचा प्रश्न चुकीचा नाहीच. ती चारनं भागतेय, पावानं नाही. तिला एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं की बाई, इथं चौघांत वाटायचं नाहीये, पावाची किती मापं भरतात ते बघायचंय. पुढच्या वर्षी मी वर्गात दूध मोजायची मापं नेली, पाणी भरून. दोन तृतीयांश लिटर पाणी आणि पाव लिटरचं माप. दोन मापं भरली, तिसरं अर्ध्याच्या वर येऊन थांबलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, कधी बोलत नाही, म्हणाला, "बाई, म्हणजे भागाकार म्हणजे किती वेळा मावतं ते." मी त्याला खडू देऊन फळ्यापाशी उभं केलं. नंतर वर्गभर पाणी सांडलं आणि शेजारच्या वर्गाच्या बाई भांडायला आल्या, तो भाग सोडा.

सगळंच जिब्ली मला आवडतं असं नाही. चालता-फिरता वाडा असलेला तो प्रसिद्ध सिनेमा माझ्या डोक्यावरून गेला, दोनदा. माकोतो शिनकाई या दुसऱ्या जपानी दिग्दर्शकाच्या सिनेमांतलं आभाळ मी तासन्‌तास बघेन, पण त्या आभाळाखालची पोरं एकमेकांना फोन का करत नाहीत, हा प्रश्न मला सुटत नाही. भाची म्हणते, मावशी, तुला प्रेमातलं काही कळत नाही. असेल. त्यांचा 'वेदरिंग विथ यू' २०१९ मध्ये इथल्या थिएटरांत लागला तो भारतातल्या चाहत्यांनी ऑनलाइन सह्या गोळा करून मागणी केल्यावर. ही भाचीच्या वयाच्या पोरांची कमाई, त्याबद्दल मान आहे.

मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला २००२ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळालं, पुढच्या वर्षी ऑस्कर, आणि त्याबद्दल लिहायचं तेवढं लोकांनी लिहून ठेवलंय. मी एकच सांगते. आईबाप डुकरं झालेत, नाव काढून घेतलंय, कामाला जुंपलंय, आणि त्यातली मुलगी, चिहिरो, तोपर्यंत रडलेली नाही. तिला मदत करणारा मुलगा हाकू तिला झुडपांच्या आड नेतो आणि भाताचे लाडू देतो, ओनिगिरी. भूक नाही म्हणते. खा म्हणतो. ती एक घास घेते, दुसरा घेते, आणि डोळ्यांतून थेंब येतात ते केवढे, बोरांएवढे. आमच्याकडे सुतकाच्या घरी नातेवाईक कडू घास घेऊन येतात ना, तेव्हा हेच होतं. दिवसभर दगडासारखी बसलेली बाई पहिला घास तोंडात गेला की सुटते. हे जपानमध्ये बसलेल्या कुणाला कसं ठाऊक, असं मी म्हणणार होते. पण माणसं जेवतात सगळीकडेच.

ताकाहातांच्या दुसऱ्या सिनेमाबद्दल लिहायचं मी टाळत होते. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. तो आणि टोटोरो जपानमध्ये १९८८ च्या एप्रिलात एकाच तिकिटावर दाखवले होते, लागोपाठ. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे! टोटोरो बघून निघालेल्या मुलांना पुढे युद्धातले कोबे शहरावरचे बॉम्ब. चौदा वर्षांचा सेइता, चार वर्षांची सेत्सुको, आई होरपळून गेलेली, बाप नौदलात. आपल्याकडे तो बरीच वर्षं नेटफ्लिक्सवर नव्हता, २०२४ च्या सप्टेंबरात आला. मी ईराला झोपवून बघितला. सासूबाई जाग्या होत्या, त्या येऊन बसल्या.

मूळ कथा आकियुकी नोसाका यांची, १९६७ ची. त्यांची स्वतःची धाकटी बहीण युद्धात उपासमारीनं गेली होती. सिनेमात सेत्सुको मातीचे भाताचे गोळे करून भावाला वाढते, आणि गोळ्या समजून काचेच्या चपट्या गोट्या चोखते. यापुढे त्या दृश्यांबद्दल लिहिणार नाही.

सासूबाईंनी मात्र मला दुसऱ्याच ठिकाणी अडवलं. मुलं ज्या काकूकडे आसऱ्याला जातात ती त्यांच्या आईची किमोनो विकते, तांदूळ आणते, आणि पुढे पोरांना पातळ पेज वाढू लागते, बोलून दाखवू लागते. मी तिला शिव्या घातल्या. सासूबाई म्हणाल्या, "तिचं काय चुकलं? घरात तोंडं किती, तांदूळ किती? आणि तो पोरगा दिवसभर लोळतोय. पैसे होते ना बँकेत, मग राहायचं होतं तिथंच मान खाली घालून." त्या १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आहेत. मी गप्प बसले. नंतर वाचलं की ताकाहाता स्वतः म्हणत असत, हा युद्धविरोधी सिनेमा नव्हे. माणसांतून उठून दोघांचंच वेगळं घर मांडणाऱ्या त्या मुलाकडे त्यांचं बोट होतं. म्हणजे सासूबाई दिग्दर्शकाच्या बाजूला निघाल्या. मी अजूनही नाही. चौदा वर्षांच्या पोराला मान खाली घालायला कुणी शिकवलं होतं?

मी सिंहगड रोडला राहते, सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात चालायला जाते. पुण्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: ही बाग जपानी धर्तीवर केलेली आहे. ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांची बाग आहे, तिच्यावरून. म्हणून तिला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. छाटलेली हिरवळ, वळत जाणारं पाणी, पूल, रंगीत मासे. मी तिथं वर्षानुवर्षं साखर कमी करायला चाललेय. आणि ताकाहातांबद्दल वाचताना एक दिवस 'ओकायामा' हा शब्द समोर आला. ते लहानपणी ओकायामात राहत होते. २९ जून १९४५ च्या पहाटे शहरावर बॉम्ब पडले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. अंगावरच्या झोपायच्या कपड्यांत, अनवाणी, बहिणीबरोबर आगीतून पळाले. कोराकुएनच्या समोर, नदीपलीकडे काळा किल्ला आहे, तो त्याच रात्री जळाला. आता दिसतो तो नंतर बांधलेला.

दुसऱ्या दिवशी बागेत गेले तर पुलावर कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट अडवून सुरक्षारक्षक हुज्जत घालत होता. मी माशांपाशी थोडा वेळ उभी राहिले. नऊ वर्षांचा मुलगा, हातात बहिणीचा हात. 'ओन्ली यस्टर्डे'त ताएको एकदा चिडून अनवाणी घराबाहेर धावत येते, आणि ज्यानं तिला कधी बोट लावलेलं नाही तो बाप तिच्या थोबाडीत मारतो. "अनवाणी!" एवढंच म्हणतो. मला तो बाप तोवर नुसता तिरसट वाटत होता. या दोन अनवाणी पायांचा संबंध मीच जोडतेय, ताकाहातांनी कुठं म्हटलेलं नाही. पण माशांना बघत असताना तो जोडला गेला. २०१८ च्या एप्रिलात ते गेले.

२०२५ च्या मार्चमध्ये सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर 'जिब्ली फोटो'ची साथ आली होती, आठवत असेल. यंत्राला फोटो द्यायचा, ते जिब्लीसारखं चित्र काढून देतं. आमच्या स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांपासून सगळे मोठ्या डोळ्यांचे झाले. मलाही एक आलं, गालावर गुलाबी. छान होतं, खोटं कशाला बोला. पण त्यात माझा डावा खांदा खडूफळा करून करून खाली झुकलाय तो सरळ केला होता. मियाझाकींच्या 'द विंड रायझेस'मध्ये माणसांच्या गर्दीचं चार सेकंदांचं एक दृश्य आहे, ते काढायला एका चित्रकाराला सव्वा वर्ष लागलं. त्या गर्दीतल्या एकेकाचा खांदा कसा झुकलाय ते त्यानं बघितलं असणार.

दिवाळीत आई आली होती. पंचाहत्तरीची आहे आता, ठणठणीत, साखर-बीपी काही नाही, मलाच आहे. भाऊबीजेला भाऊ आला. ईरा आता मोठी झालीय, तिनं आज्जीला टोटोरो लावून दिला आणि शेजारी बसून भाषांतर करत राहिली. आईला टोटोरोचं काही विशेष वाटलं नाही. "डुक्कर हाय का घुबड?" बापलेकी वादळात न्हाणीघरात बसून भीती जावी म्हणून मोठमोठ्यानं हसतात, तिथं ती पण हसली. मेईच्या मागं मागं फिरण्यावर ती भावाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे असंच हुतं."

शेवट असा आहे की मांजरबस दोघी बहिणींना दवाखान्याबाहेरच्या झाडावर नेऊन सोडते. खिडकीतून आई दिसते, बाप शेजारी बसलाय, दोघं हसून बोलतायत. मुली आत जात नाहीत. झाडावरून बघतात. मग खिडकीच्या कट्ट्यावर मक्याचं कणीस दिसतं, पानावर नखानं कोरलेलं, 'आईला'.

"आत का गेल्या न्हाईत पोरी?" आईनं विचारलं.

खोलीत कुणी बोललं नाही. आम्हालाही आत सोडलं नव्हतं. मावशीबरोबर मी आणि भाऊ एसटीनं मिरजेला गेलो होतो. भावानं निघताना रानातून शाळवाचं एक कणीस मोडून घेतलेलं, हुरड्याला आलेलं, आईला भाजून खायला. ते मोडायला करडईतून आत शिरला म्हणून पायभर ओरखडे. एसटीत त्यानं ते कुणाला धरू दिलं नाही. दवाखान्यात लहान मुलं वर न्यायची नाहीत म्हणाले. आम्ही खाली लिंबाखाली बसून राहिलो, मावशी एकटी कणीस घेऊन वर गेली. परतताना तिचे डोळे लाल होते आणि आम्ही तिला काही विचारलं नाही. पस्तीस वर्षांत तो विषय घरात निघालेला नाही.

"आई," मी म्हटलं, "ते कणीस मिळालं होतं का तुला?"

"कंचं?"

"शाळवाचं. यानं आणलेलं."

"मिळालं की," आई म्हणाली. "उशाला ठेवलंतं. मुंग्या झाल्या, मग झाडायला येणाऱ्या बाईनं टाकून दिलं."

भाऊ उठून आत पाणी प्यायला गेला.